मुलींना गणित झेपत नाही?

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘गणित सोड, तुला झेपणार नाही.’ सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण मुलींचा मेंदू गणितासाठी घडलेला नाही, हा समजही त्यामागे असतो. तो तपासून पाहायला हवा.

पुरुषांचा मेंदू सरासरीने मोठा असतो, हे खरे. पण बुद्धी वजनकाट्यावर मोजता येत नाही. एखादी आकृती मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत मुलगे सरासरीने पुढे असतात, तर वाचनात मुली. मात्र सरासरीवरून समोरच्या एका मुलीबद्दल काहीच ठरत नाही.

अमेरिकेत तेरा वर्षांखालील हुशार मुलांना ‘सॅट’ या प्रवेश परीक्षेला बसवले जाई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गणितात ७०० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांत १३ मुलांमागे १ मुलगी होती. हा निसर्गाचाच कौल, असे अनेकांनी मानले. पुढच्या सुमारे २५ वर्षांत हे प्रमाण ४ मुलांमागे १ मुलगी इतके खाली आले. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. बदलतात ती संधी आणि अपेक्षा. उरलेल्या अंतराच्या कारणांवर मतभेद आहेत. पण अमेरिकेतल्याच ७० लाखांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांच्या गुणांचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मुलगे-मुलींच्या गणितातील सरासरीत फरक जवळपास नव्हता.

अपेक्षांचे ओझे फार लवकर पडते. २०१७ च्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘खूप हुशार’ म्हणून मुलांइतक्याच सहजपणे आपल्या बाजूकडे बोट दाखवत होत्या. सहाव्या वर्षापासून हे प्रमाण घटले.

आपल्याकडेही १९३३ मध्ये मुंबईच्या कमला भागवत यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यांनी आग्रह सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. याच पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

मुलाला गणितात कमी गुण पडले की ‘अभ्यास कमी पडला’ म्हणतात आणि मुलीला पडले की ‘झेपत नाही’. लक्षण एकच असताना निदान दोन कशी? आधी दोघांचीही वही उघडून कुठे अडते आहे ते पाहावे. विषय सोडण्याचा निर्णय त्यानंतर, आणि तोही मुलीलाच घेऊ द्यावा.