अंगठ्याचे हाड, चप्पल आणि ईर्यासमिती



पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी सांधा बाहेर येतो आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो, त्याला डॉक्टर ‘बनियन’ म्हणतात. आमच्या घरी हा शब्द आला तेव्हा सगळ्यांना आधी गंजीफ्रॉकच आठवला! माझ्या दोन्ही पायांना हे आहे, आईलाही होते. वटार-आगाशीकडच्या आपल्या बायकांत किती जणींना असेल, ते देरासरच्या पायरीशी काढलेल्या चपलांवरून कळते. अंगठ्याच्या बाजूला फुगलेल्या, शिवण उसवलेल्या.

आपल्यापैकी बऱ्याच जणी म्हणतात, “कर्म आहे, सोसायचे.” मला हे पटत नाही. कायक्लेश हे बाह्य तप आहे, पण ते समजून-उमजून करायचे असते. नाइलाजाने सोसले तर ती अकाम निर्जरा, आणि तिचे मोल आपल्याकडे कमीच धरले आहे. शिवाय लंगडणाऱ्या बाईचे सगळे लक्ष अंगठ्यात असते, पायाखालची मुंगी तिला दिसत नाही. ईर्यासमिती पाळायची तर आधी पाय शांत हवा.

आता कारण पाहू. हाडाची ठेवण घराण्यातून येते, तिला इलाज नाही. पण चप्पल-बुटांचा वाटा मोठा आहे. हाँगकाँगमध्ये बूट घालणारे आणि अनवाणी राहणारे चिनी लोक तपासले गेले, तो अभ्यास 1958 मध्ये छापून आला. बूटवाल्यांत हे व्यंग 33 टक्के, अनवाणी लोकांत 1.9 टक्के! तेव्हा देरासरला अनवाणी जाण्याला दोष देऊ नका. चामडे आपण वापरत नाही ते उत्तमच, पण त्याऐवजी कडक रेक्झिनची निमुळती चप्पल घेतो. ते रेक्झिन चामड्यासारखे सैल होत नाही, रोज हाडावर घासत राहते.

मी सांगते ते करून पाहा. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा कागदावर उभे राहून पेन्सिलीने पायाची आकृती काढा. त्यावर आपली चप्पल ठेवा. आकृती चपलेबाहेर गेली की चप्पल बाद, मग ती लग्नातली भारी का असेना. नवी घेताना पुढून रुंद, वरून मऊ कापडाची, टाच दीड इंचाच्या आत.

अंगठा आणि शेजारचे बोट यांत सिलिकॉनचा तुकडा ठेवला की घासणे थांबते. रोज हाताने अंगठा सरळ धरून दहा अंक मोजा, बोटे फाकवा, जमिनीवरचा रुमाल बोटांनी उचला. सूज असेल तर थंड शेक. बर्फ टाळणाऱ्या घरात माठाच्या पाण्याची ओली पट्टी ठेवा. खमासमण देताना दुमडलेल्या बोटांवर भार येतो, तेव्हा दुखत असेल तर काउसग्ग आणि वंदन बसून करायला संकोच नको.

एक मात्र स्पष्ट सांगते. यातल्या कशानेही वाकलेले हाड सरळ होत नाही. ‘रात्री बांधा, सकाळी सरळ’ म्हणणाऱ्या महागड्या पट्ट्यानेही नाही. कमी होते ते दुखणे, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. कुरूप समजून त्यावर औषधी पट्टी चिकटवू नका, कातडी भाजते.

मधुमेह असेल, पाय बधिर वाटत असेल, जखम झाली असेल तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जा. सांधा एकदम लाल आणि गरम झाला तर युरिक अॅसिडही तपासावे लागते. बसल्या जागीही ठणका लागतो, अंगठा दुसऱ्या बोटाखाली शिरतो, असे झाले तर ऑपरेशनचा विचार करावा. त्यात हाड कापून सरळ बसवतात, कित्येक आठवडे खास बूट लागतो आणि सूज महिनोन्महिने रेंगाळते. नुसते दिसायला बरे म्हणून हा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे.

पालिताण्याच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या एकदा तरी आपल्या पायांनी चढायच्या, अशी आपल्यातल्या कितीजणींची भावना असते. त्या यात्रेची तयारी आजच्या चपलेपासून सुरू होते. आज संध्याकाळी कागद-पेन्सिल काढा.