नगारा मोडीत घालण्याआधी एवढं वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण रविवारी देवस्थानाची सभा आहे, म्हणून आजच लिहितोय. देवस्थानाचं नाव घेत नाही, गावातल्यांना कळेलच.

नगारखान्यातला तांब्याचा थोरला नगारा मोडीत द्यायचा आणि त्या पैशांत विजेवर चालणारं आरतीचं यंत्र घ्यायचं, असा विषय सभेपुढे आहे. हे यंत्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. बटण दाबलं की मोटर फिरते, दांड्या आपटतात, घंटा आणि झांज सोबतीला. लय एकच. म्हणणाऱ्यांचा सूर चढला, कुणी शेवटचं कडवं घोळवलं, यंत्राला त्याचं काही नाही. आपली आरती त्याच्या मागं पळते.

विश्वस्त म्हणतात, वाजवायला माणूस मिळत नाही. खरं आहे. पूर्वी देवळांतल्या वाजवणाऱ्या घरांना इनाम जमिनी असायच्या. जमिनी गेल्या, सेवा तेवढी राहिली. आज त्या कामाचे महिन्याला जे हातावर ठेवतात ते इथे लिहायची मला लाज वाटते. माणूस मिळत नाही की परवडवून घ्यायचा नाही, हा वेगळा प्रश्न.

परवा वर चढून बघून आलो. कबुतरांची घाण, जुन्या मंडपाचे बांबू, आणि कोपऱ्यात आडवा पडलेला नगारा. कातडं फाटलेलं, आत लाइटिंगच्या माळा भरलेल्या. काठावर दात्याचं नाव कोरलंय, खाली शके 183, पुढचा आकडा झिजलाय. म्हणजे इसवी सन 1908 ते 1918 मधला. शंभर वर्षांवरची अशी कारागिरीची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते, हे किती विश्वस्तांना माहीत आहे? आणि न्यासाच्या जंगम मालमत्तेच्या नोंदीत हा नगारा आहे का, वजनासकट? नसेल तर मोडीत किती किलो गेला हे उद्या कोण सांगणार?

स्टँडमागे तबला-पखवाज दुरुस्त करणारे मामा आहेत, त्यांना सोबत नेलं होतं. त्यांनी बोटाच्या पेरानं भांड्यावर ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, कान लावला. म्हणाले, ‘चीर नाही. पोचे आहेत, ते निघतील.’ पोचे आतून, लाकडी हातोड्यानं, हळूहळू काढायचे. हे तांबटाचं काम. मग कातडं भिजवून, केस काढून, ओलं असतानाच ताणून वादीनं आवळायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात घातलं तर घाईनं आकसतं, फाटतं. वाळल्यावर पुन्हा वाद्या ओढायच्या. पावसाळ्यात ढिलं पडलं तर हलगीसारखी शेक द्यायची. मामांनी एक बजावून सांगितलं: ‘अॅसिडनं चकाचक करू नका, अक्षरं जातील.’ आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे ऑइलपेंट, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. मामांनी सांगितलेला खर्च त्या यंत्राच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

आता जे सभेत कुणी बोलणार नाही ते. मला एकानं बाजूला घेऊन सांगितलं, ‘कातड्याचं काम देवळात कशाला?’ अहो, शंभर वर्षं देवासमोर वाजलं ते काय होतं? कातडं चालतं, ते मढवणारा हात तेवढा पायरीच्या खाली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण चामडं हाताळणाऱ्याच्या वाट्याला कौतुक येताना मी फारसं पाहिलेलं नाही. मामांचा मुलगा या धंद्यात आला नाही. का, ते विचारायची गरज पडली नाही.

कातड्याची अडचण आहेच, पण त्यातून वाट निघते. गोव्यातलं घुमट बघा. मातीचं भांडं, तोंडाला घोरपडीचं कातडं. वन्यजीव कायद्यानं घोरपड मारायला बंदी आली. घुमट बंद पडलं का? लोक बकऱ्याच्या कातड्यावर आले. नाद थोडा बदलला, कुरकुर झाली, पण गणपतीच्या आरतीला घुमट वाजतंय, आणि 2019 मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

दुसरा पर्याय म्हणून ‘संग्राहकाला विकू’ असंही चाललंय. संग्राहक म्हटलं की मला पुण्याचे दिनकर केळकर आठवतात. गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं, त्यात वाद्यांचं वेगळं दालन आहे, आणि अखेर सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. असा कुणी आला तर मी स्वतः नगारा उचलायला खांदा देईन. पण आपल्याकडे येतात ते जुन्या वस्तूंचे व्यापारी. त्यांच्याकडून असे नगारे बंगल्यांत जातात, वर काच बसते आणि त्यावर चहाचे कप.

माझं म्हणणं, मोडीचा विषय मागे घ्या. नगाऱ्याचं वजन, फोटो, कोरीव अक्षरं नोंदवहीत घाला. मामांना आणि तांबटाला रीतसर काम द्या, रीतसर पैसे द्या, आणि ते काम देवळाच्या ओवरीत सगळ्यांसमोर होऊ द्या. वाजवायला ढोलपथकातली चार पोरं मी आणतो. गणपतीत दहा दिवस हात दुखेपर्यंत वाजवणारी पोरं आहेत ती, संध्याकाळची पंधरा मिनिटं त्यांना जड नाहीत. त्यांच्या मानधनाची वर्गणी माझ्यापासून सुरू.

सभा रविवारी अकरा वाजता सभामंडपात. सभासद असाल तर आधी जंगम मालमत्तेची नोंदवही मागा. आणि कुणाच्या घरी या नगाऱ्याचा जुना फोटो असेल, यात्रेतला, लग्नातला, कसलाही, तर कमेंटमध्ये टाका. मामांना जुनी वादी कशी ओवली होती ते बघायचंय.