चार चाकांचा भरवसा

आमच्या ओझरला दिवाळीची वर्दी आकाशकंदिलाआधी थंडी देते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लावून घेताना जो दात वाजवत नाही, तो निफाड तालुक्याचा नव्हेच. पुढे डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो की महाराष्ट्रातले सगळ्यांत कमी तापमान म्हणून निफाडचे नाव वर्तमानपत्रांत झळकते. बाहेरगावचे पाहुणे ती बातमी कौतुकाने वाचतात. द्राक्षबागाईतदार मात्र ती वाचत नाहीत, कारण त्या वेळी ते बागेत शेकोट्या पेटवून मणी तडकू नयेत म्हणून जागत असतात.

अशा मुलखातला माणूस मोटार घेताना थंडीचा विचार करतो, यात नवल नाही. पण गेल्या भाऊबीजेला भाच्याने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला, त्याने मी पुरता पेचात पडलो.

ओवाळणी झाली होती. ताईने ताटात करंज्या वाढल्या होत्या. तेवढ्यात चिरंजीव दोन रंगीत माहितीपत्रके घेऊन आले आणि म्हणाले, “मामा, तुम्हीच सांगा. फोर बाय फोर घेऊ, की नुसती मागच्या चाकांवर चालणारी?”

गाडी ठरलेली होती. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी थार. २०२० साली ही गाडी नव्या रूपात आली तेव्हा ती फक्त चारही चाकांना जोर देणारी होती. जानेवारी २०२३ मध्ये तिची स्वस्त धाकटी बहीण आली, जिच्या फक्त मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. दिसायला दोघी जवळजवळ सारख्या, किमतीत मात्र चांगलेच अंतर. भाच्याचे नुकते लग्न झालेले. डिसेंबरात बायकोला आणि आईवडिलांना घेऊन मनालीला बर्फ पाहायला जायचे, असा बेत होता.

“मी तर फोर बाय फोरच म्हणतो,” तो पुढे म्हणाला. “बाबांना त्या दिवशी तिनेच वाचवलं ना! तुम्हीच तर सांगता.”

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली.

ती गोष्ट आमच्या घरात पुराणासारखी सांगितली जाते, आणि तिचा पुराणिक मीच. एकोणीस वर्षांपूर्वी, भाचा आठ वर्षांचा असताना, पौषातल्या एका पहाटे मी दाजींना निफाड स्टेशनवर सोडायला निघालो होतो. जीप मित्राकडून मागून आणलेली, चारही चाकांची. रस्त्यावर धुके. समोरून उसाची ट्रॉली आली, तिला दिवा नव्हता. जीप घसरून चारीत गेली आणि दाजींचा उजवा हात कोपरात मोडला. मी दुसरा दांडा ओढला, खालचा गिअर टाकला आणि चारही चाकांच्या जोरावर जीप चारीतून वर काढली. तशीच थेट इस्पितळात नेली. “साधी गाडी असती तर दोघेही तिथेच पडून राहिलो असतो,” हे माझे पालुपद. मी ते इतक्या वेळा म्हटले आहे की ऐकणाऱ्यांना पाठ झाले आहे.

गोष्टीत खोटे एक अक्षर नाही. फक्त काही अक्षरे गाळलेली आहेत.

“विचार करून सांगतो,” असे म्हणून मी घरी आलो आणि शेजारच्या काकांकडे गेलो. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, आणि काकांची सारी नोकरी त्या कारखान्यात गेली. निवृत्त झाले तरी बोलताना त्यांच्या हातात एखादा पाना असल्यासारखे वाटते. मी प्रश्न मांडला. ते हसले आणि म्हणाले, “प्राध्यापक, विमानाच्या किती चाकांना इंजिनाचा जोर असतो?”

“मला काय माहीत?”

“एकाही नाही! चाकं नुसती फिरतात. आणि तरी आमची निम्मी झोप चाकांपायी उडायची. कारण काळजी विमान पळेल कसं याची नव्हती, थांबेल कसं याची होती. मिग-२१ उतरताना शेपटीकडून छत्री उघडते ती उगाच नाही.”

मग त्यांनी मला जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. मोटारीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण आपल्या पंजाएवढ्या जागेत. गाडीला पुढे ढकलणे, वळवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे त्या चार पंजांच्या पकडीवर चालतात. कोरड्या डांबरावर पकड भरपूर असते. चिखल, धुक्याने ओलावलेला रस्ता किंवा बर्फ आला की ती कमी होते. इंजिनाचा जोर दोनच चाकांवर टाकला तर ती जागच्या जागी गरगर फिरतात. मागची चाके फिरली तर वळणावर गाडीची शेपूटही बाहेर फेकली जाते. तोच जोर चौघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. मग चाके घसरत नाहीत, गाडी जागची हलते आणि चढण चढते. फोर बाय फोरची सारी पुण्याई ही, आणि ती खरी आहे.

“पण ब्रेक?” काकांनी बोट वर केले. “ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी. तिथं पकड टायरची आणि अक्कल चालवणाऱ्याची. वेग दुप्पट केलात की थांबायला चौपट जागा लागते. मग जोर चार चाकांना असो नाहीतर चौदा.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. थारसारख्या गाडीत पुढची चाके जोडली की पुढचा आणि मागचा कणा एकाच गतीने बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना अंतर जास्त कापावे लागते, म्हणून कोरड्या डांबरावर तो दांडा ओढून हिंडले तर यंत्राला पीळ बसतो. म्हणजे ओझरहून पिंपळगावला महामार्गाने जाणाऱ्याने वर्षाचे बहुतेक दिवस ती सोय वापरायचीच नाही. काही परदेशी गाड्यांत चारही चाकांना कायम जोर असतो, पण त्यांच्या मध्ये हा फरक सांभाळणारे वेगळे यंत्र बसवलेले असते.

ज्यांना शर्यतींची हौस आहे त्यांच्यासाठी हा वाद जुनाच आहे. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीने क्वाट्रो नावाची गाडी मांडली आणि बर्फाळ रस्त्यांवरच्या शर्यतींचे गणितच बदलले. १९८३ मध्ये तिच्यावर हानू मिकोला हा फिनलंडचा चालक जगज्जेता झाला. आता मागच्या चाकांचा जमाना संपला, असे सारे म्हणू लागले. पण त्याच वर्षी कंपन्यांचे अजिंक्यपद लान्सियाने पटकावले, आणि तेही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने! वाल्टर रोर्लने त्या जानेवारीत माँटे कार्लोची हिवाळी शर्यत तिच्यावरच जिंकली. रस्ता कुठे बर्फाचा आणि कुठे कोरडा याचा नीट अभ्यास करून कोठे कोणते टायर घालायचे हे ठरवण्यात त्या मंडळींनी बाजी मारली होती. अर्थात त्यानंतर मागच्या चाकांच्या गाडीला ते अजिंक्यपद पुन्हा मिळाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चार चाकांचा फायदा असतोच. पण तो रस्ता आणि टायर ओळखणाऱ्याला मिळतो, बेफिकीर माणसाला नव्हे.

त्या रात्री मला झोप आली नाही. गोष्टीतून गाळलेली अक्षरे डोळ्यांपुढे येत होती.

दोन दिवसांनी बागेत गेलो. दाजी घड पाहत हिंडत होते. ऑक्टोबर छाटणीला ते कात्री डाव्या हाताने धरतात, हे मी एकोणीस वर्षे पाहतो आहे आणि एकोणीस वर्षे नजर दुसरीकडे वळवतो आहे. भाचाही तिथे होता. मी म्हणालो, “तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, आणि मी साठच्या वेगानं चाललो होतो.”

ताशी साठ म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच वीस पावले संपतात. रस्त्यावर उसाचे पाचट आणि ओला चिखल पडलेला. चारही चाके एकदम अडकली आणि जीप पाटावरून घसरणाऱ्या साबणासारखी गेली. साधी गाडी असती तर मी तीस-पस्तिसाच्या वर गेलो नसतो. चार चाकांची आहे, हिला काय होतंय, या भरवशावर मी पाय दाबला होता.

भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे गाडीनं बाबांना चारीतून बाहेर काढलं. पण आत कुणी घातलं?”

“मी.”

दाजींनी कात्री खिशात ठेवली. “मास्तर, काटा मलाही दिसत होता,” ते म्हणाले. “मीही ‘हळू’ म्हणालो नाही. मलाही वाटलं, जीप आहे.” आणि ते पुढच्या ओळीत गेले. ताईला हे त्यांनी कधीच सांगितले नव्हते. मीच संध्याकाळी सांगितले. तिने मला चहा दिला, पण त्या दिवशी माझ्याशी ती फारसे बोलली नाही. ते योग्यच होते.

भाच्याने शेवटी मागच्या चाकांची गाडी घेतली. बागेची वाट काळ्या मातीची आहे आणि पावसाळ्यात तिथे चिखल होतो, हे खरे. पण तेव्हा घरचा ट्रॅक्टर आहे. ज्यांची रोजची वाटच चिखलाची, वाळूची किंवा डोंगरातली आहे, त्यांनी खुशाल फोर बाय फोर घ्यावी, पैसे वसूल होतील. आमच्या भाच्याने वाचलेल्या पैशांतून द्राक्षांवर घालायच्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाला हातभार लावला.

मनालीला मंडळी गेली. तिथे बर्फ पडले की पुढे सोलंग आणि अटल बोगद्याकडे पोलीस बहुधा फोर बाय फोरच सोडतात, आणि ते बरोबरच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकून पडल्या होत्या. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठते आणि रस्त्यावर दिसत नाही असा काचेचा थर बसतो. भाच्याने गाडी मनालीतच ठेवली आणि तिथलीच एक जीप चालकासकट भाड्याने केली. वाटेतून त्याचा फोन आला.

“मामा, ह्यांची गाडी फोर बाय फोर आहे. पन्नाशीचे गृहस्थ आहेत, जन्म इथलाच. आणि सांगू का? बैलगाडीसारखी चालवताहेत!”

मागून दाजींचा आवाज आला, “चालवू दे त्यांना. मी पुढेच बसलोय.”