अद्भुताचा कायदा आणि नायकाची माफी

एखादी कृती स्त्रिया मोठ्या संख्येने वाचतात, आवडीने वाचतात आणि त्या आवडीची लाज बाळगत नाहीत, एवढ्यावरून ती कृती स्त्रीमुक्तीची ठरते, असा एक विचित्र न्याय अलीकडच्या समीक्षाव्यवहारात रूढ होऊ पाहत आहे. सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेच्या बाबतीत तो सर्रास लावला जातो. दुसऱ्या टोकाला सेन्सॉर उभा आहे. अमेरिकेतील यूटा राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारी शाळांतून जी पहिली १३ पुस्तके हद्दपार केली, त्यांतली ६ एकट्या मास यांची होती. बंदी घालणाऱ्यांना या पुस्तकांत शय्यादृश्येच दिसली. पाठराखण करणाऱ्यांनाही तीच दिसली, फक्त त्यांना ती आवडली. या दोघांच्या भांडणात संहिता मात्र न वाचलेलीच राहिली, ही प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे.

ही मालिका ‘फे’ नावाच्या अमानुष सत्त्वांच्या जगात घडते. स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोकश्रद्धेतून आलेल्या या सत्त्वांना आपण सवयीने ‘परी’ म्हणतो आणि तिथेच फसतो. पंख लावलेल्या, बाळगोपाळांच्या गोष्टीतल्या परीशी फेचे काही नाते नाही. त्याच्या जवळची गोष्ट आपल्याकडे शोधायचीच तर ती डोहाकाठच्या सात आसरांची. ज्यांचे नाव जपून घ्यायचे, ज्यांचा मान चुकवायचा नाही, आणि ज्या माणसाला पाण्यात ओढून नेतात त्या दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या जागेचा नियम मोडला गेला म्हणून. फेही तसेच. त्यांना लोखंड सोसत नाही, त्यांच्याकडचे अन्न खाल्ले की परतीची वाट बंद होते, दिलेला शब्द त्यांना मोडता येत नाही. माणसाहून ते बलिष्ठ आहेत, पण माणसाहून अधिक बांधलेलेही आहेत. त्यांच्या काळोखाचे रहस्य या बांधिलकीत आहे. निव्वळ क्रौर्य तर कोणत्याही सरदाराच्या वाड्यात सापडते. त्यासाठी अद्भुताची गरज काय?

मास यांच्या पहिल्या कादंबरीमागे ‘टॅम लिन’ हे स्कॉटिश कथागीत उभे आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या प्रसिद्ध संग्रहात ते ३९ व्या क्रमांकावर येते. रॉबर्ट बर्न्सने दिलेला त्याचा पाठ १७९६ साली छापला गेला. जॅनेट नावाची मुलगी मनाई असलेल्या कार्टरहॉच्या रानात जाते, गुलाब तोडते आणि फेंच्या राणीने धरून नेलेल्या टॅम लिनशी तिची गाठ पडते. ती गर्भवती राहते. दर ७ वर्षांनी फेंना नरकाला खंड भरावा लागतो आणि या खेपेला तो खंड आपणच असू, अशी भीती टॅम लिनला आहे. हॅलोवीनच्या रात्री जॅनेट त्याला घोड्यावरून खाली ओढते आणि धरून ठेवते. तिच्या मिठीत तो साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेले लोखंड होतो. ती सोडत नाही. अखेर राणी चरफडते, पण नियमापुढे तीही हरते. या गीताला आदर्श म्हणून मखरात बसवण्याचा माझा हेतू नाही; त्याच्या काही पाठांत पहिल्या भेटीत संमती विचारलीच गेलेली नाही, हे डोळ्यांआड करता येत नाही. तथापि कथेचा निर्णय कुठे होतो ते पाहावे. तो जॅनेटच्या दोन हातांत होतो. त्या हातांना कुणी विधिलिखिताचे पाठबळ दिलेले नाही.

आता मास काय करतात? फेयरा ही मानवी शिकारी मुलगी फेंच्या प्रदेशात येते तेव्हा लोककथेतले शहाणपण बरोबर घेऊन येते: फे खोटे बोलू शकत नाहीत, लोखंडाला भितात. लवकरच तिला कळते की दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ज्या कराराचे कलम दाखवून तिला आणले, ते कलमही बनावट निघते. समीक्षकांनी याला लेखिकेचा खट्याळ विनोद मानून सोडून दिले आहे. माझ्या मते मालिकेचा सगळा नैतिक घोटाळा या विनोदात आहे. फेंचे बळ कायम राहिले आणि बंधन तेवढे गेले, तर उरतो तो अमर, देखणा, सशस्त्र सत्ताधीश, आणि त्याच्यासमोर एकोणीस वर्षांची मुलगी. अद्भुताचा कायदा काढून घेतल्यावर तिथल्या प्रेमाला सत्तेखेरीज दुसरे व्याकरण राहत नाही.

पहिल्या भागाच्या शेवटाला मात्र न्याय दिला पाहिजे. डोंगराखालच्या तीन कसोट्यांत फेयराच्या हातून दोन निरपराध मारले जातात, आणि तो प्रसंग खरोखर अंगावर येतो. तेथे जॅनेटच्या हातांची आठवण होते. पण ती मरते, लगेच जिवंत होते, आणि तीही फेंच्या अमर गणांत! गीतातली स्त्री पुरुषाला माणसांच्या काळात परत आणते. इथे स्त्रीलाच त्या काळातून उचलून नेले जाते. भरलेली किंमत व्याजासह परत मिळाली. तिच्या अपराधगंडाला पुढच्या भागात जागा आहे, हे खरे. परंतु तो गंड लवकरच नव्या नायकाच्या सांत्वनाचे निमित्त होतो.

हा नवा नायक रीसँड. पहिल्या भागात तो फेयराला फेंची मदिरा पाजतो, रंगवलेल्या अंगाने दरबारात नाचवतो; दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नाही. दुसऱ्या भागात (२०१६) त्याचे स्पष्टीकरण येते: हे सारे तिच्या रक्षणासाठी होते. त्याच भागात पूर्वीचा प्रियकर टॅमलिन तिला वाड्यात कोंडतो आणि लेखिका त्या कृत्याला, योग्यच, जुलूम म्हणते. मग पाचव्या भागाचे (२०२१) काय? फेयराच्या गरोदरपणात तिचा जीव जाण्याचा धोका आहे. ते रीसँडला ठाऊक आहे, त्याच्या साऱ्या निकटवर्तीयांना ठाऊक आहे; ठाऊक नाही ते फक्त जिच्या पोटात मूल आहे तिला. बहीण नेस्टा, रागाच्या भरात का होईना, सत्य बोलते, आणि शहराबाहेर डोंगर चढायची पाळी तिच्यावर येते, पाठीवर ओझे घेऊन. एक पुरुष दार बंद करतो, दुसरा माहिती बंद करतो. पहिला खलनायक, दुसरा प्राणसखा. भेद कशाने झाला?

तो होतो ‘जोडीबंधा’ने. दोन जीव एकमेकांसाठीच घडले आहेत, असे सांगणारा हा अदृश्य धागा. कागदोपत्री तो नाकारता येतो; कथानकाला मात्र तो नाकारलेला परवडत नाही. पत्रिका छत्तीस गुणांनी जुळल्याचे समाधान मराठी वाचकाला येथे घरबसल्या मिळावे. टॅम लिनच्या कथेत किंमतीची जी जागा होती ती या धाग्याने व्यापली आहे, आणि एकदा तो सापडला की नायकाचे मागचे प्रत्येक कृत्य उलट्या दिशेने निर्दोष होत जाते.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की हे फे आहेत, त्यांना मानवी नीतीचे माप लावू नका. माप लावू नका, हे वाक्य कुणाच्या सोयीचे असते, हे इतिहासाला विचारावे. मार्च १८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला तिच्या नवऱ्याने जाळले. ही माझी बायको नव्हेच, फेंनी बदलून ठेवलेली आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. कादंबरी वाचणे म्हणजे गुन्ह्यात सामील होणे, असा बालिश आरोप मी करीत नाही. पुरुषाच्या कृत्याला फेंचा हवाला देऊन उत्तरदायित्वातून सोडवणे ही कल्पिताची निरुपद्रवी लीला नसून तिला लांबचा आणि रक्तरंजित भूतकाळ आहे, एवढेच माझे म्हणणे.

वाचकस्त्रीच्या आनंदाचा दाखला देणारे जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’चे (१९८४) नाव घेतात. घ्यावे, पण अर्धे घेऊ नये. वाचनासाठी काढलेला वेळ हा गृहिणीच्या स्वायत्ततेचा उद्गार असतो, असे रॅडवे म्हणतात. त्याच ग्रंथात त्या हेही दाखवतात की प्रणयकादंबरी नायकाच्या आरंभीच्या कठोरपणाला मागाहून प्रेमाचा अर्थ देते आणि वाचकाला तो तसा वाचायला शिकवते. रीसँडच्या मदिरेचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

हा प्रकारच असा असतो, असे म्हणून सुटका नाही. हॉली ब्लॅक यांच्या ‘द क्रुएल प्रिन्स’मध्ये (२०१८) जुना नियम शाबूत आहे. तिथे फे खोटे बोलू शकत नाहीत. आईबापांच्या मारेकऱ्याने वाढवलेली ज्यूड ही मर्त्य मुलगी मात्र बोलू शकते, आणि त्या दुबळ्या जमातीच्या एकमेव शस्त्रावर ती आपला डाव उभारते. राजपुत्र कार्डन तिला छळतो. त्या छळाला कादंबरी मागाहून उपकाराचे नाव देत नाही. त्याच्याकडून ती आज्ञापालनाचा शब्द घेते, एक वर्ष आणि एक दिवस एवढ्या मुदतीचा, आणि शब्द मोडता येत नसल्याने तो त्याला पाळावा लागतो. मुदत कधी संपते हे दोघांनाही ठाऊक आहे.