अठरा हजारांची केबल आणि फ्रीजच्या झिणझिण्या

सात-बाराचा उतारा महागड्या केबलने कॉपी केला म्हणून त्यावरचं क्षेत्र वाढत नाही. हे ज्याला कळतं अशा माणसाने, इंजिनिअरिंगची पदवी आणि सॉफ्टवेअरची नोकरी असताना, अठरा हजार रुपयांची यूएसबी केबल विकत घेतली. लांबी एक मीटर. तो माणूस मीच. त्यामुळे हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे, मग विकणाऱ्यांविरुद्ध.

घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी पुण्यातला संसार उचलून लोणी भापकरला आलो. बारामती तालुका म्हटलं की लोकांना ऊस दिसतो, पण आमचा पट्टा जिरायती. उन्हाळ्यात जमीन भेगाळते. (मातीचा संबंध पुढे येतो.) सोबत गाणं ऐकायचा सेट आणला: रास्पबेरी पायचा स्ट्रीमर, त्यातून यूएसबीने डॅक, डॅकमधून ॲम्प्लिफायर. स्ट्रीमर आकडे पुरवतो, डॅक त्या आकड्यांचा आवाज करतो, एवढीच विभागणी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळं शांत होतं. गावात मात्र किशोरीताईंच्या तानपुऱ्याखाली आणखी एक तानपुरा लागला. घूंऽऽ. पन्नास हर्ट्झचा आणि बेसूर.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, केबल स्टॉक आहे ना? मग येणारच." चांदीचा मुलामा, दुहेरी कवच, वगैरे. मी पैसे भरले. आणि लाजेची गोष्ट अशी की पहिले दोन दिवस मला फरक ऐकूही आला! आवाज "मोकळा" वाटला. घूं तिथेच होती, मी तिच्याकडे कानाडोळा करत होतो.

आता यातलं खरं काय ते बघू. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल. सेकंदाला साधारण १४ लाख बिट झाले. यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८ कोटी. म्हणजे रिकाम्या एक्सप्रेस-वेवरून एक सायकल चालली आहे आणि आपण डांबराच्या प्रतीवर वाद घालतोय. यूएसबी ऑडिओत चुकलेला डेटा पुन्हा मागवला जात नाही, हे विकणारे आवर्जून सांगतात, आणि ते खरं आहे. पण चुकला तर काय होतं? टक्‌ असा आवाज येतो, किंवा गाणं तुटतं. तबला "जरा मागे गेल्यासारखा" वाटत नाही. खराब केबल चुगली करते, कुजबुजत नाही.

मग ते जिटर काढतात. कोॲक्स आणि ऑप्टिकल या एसपीडीआयएफच्या जोडण्यांमध्ये घड्याळ सिग्नलमध्येच मिसळलेलं असतं, डॅकला ते वेगळं काढावं लागतं, त्यामुळे तिथे मुद्द्यात थोडा दम आहे. पण आजचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस असतात. घड्याळ डॅकचं स्वतःचं, स्ट्रीमरने फक्त मागेल तसा डेटा द्यायचा. म्हणजे वेळ कोण पाळतं हा डॅकच्या बांधणीचा प्रश्न आहे, तारेच्या मुलाम्याचा नाही. कोॲक्सला ७५ ओहमची तार लागते, ती तापकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळते. ऑप्टिकल तर प्रकाशच. बरेचसे ऑप्टिकल इनपुट ९६ किलोहर्ट्झच्या वर नीट चालत नाहीत, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

पण आमच्या जातभाईंनाही सोडता येत नाही. "बिट म्हणजे बिट, बाकी सगळा भ्रम" असं म्हणून जे इंजिनिअर फोन ठेवून देतात, त्यांनीच मला त्या दुकानदाराच्या दारात ढकललं. बिट बरोबर पोचत होते, आणि घूंही खरी होती. कारण यूएसबीच्या तारेतून फक्त बिट जात नाहीत. तांबं आहे ते. त्यातून दोन उपकरणांचे ग्राउंडही जोडले जातात.

अखेर एका रात्री पायचा चार्जर काढून तो पॉवरबँकवर चालवला. घूं गेली. चार्जर लावला, परत आली. मग चार्जर तसाच ठेवून, एका मित्राकडून आणलेली डबी पायला लावली आणि तिथून डॅकपर्यंत ऑप्टिकल जोडली. काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज जात नाही, घूं गेली. दोन्ही प्रयोग मिळून वीस मिनिटं लागली. केबल यायला आठ दिवस लागले होते.

म्हणजे चार्जरमधून झिरपणारा बारीकसा प्रवाह यूएसबीच्या तारेतून, डॅकमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगकडे वाट शोधत होता. मग अर्थिंगच तपासावं म्हणून मल्टिमीटर घेतला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. दिसले पंच्याण्णव.

आई स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "आरं, मी दोन वर्सं सांगतीया, फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येत्यात. तुमी म्हनता, चप्पल घाल."

सांगत होती. आबांना सांगितलं, मला फोनवर सांगितलं. मी "वायरमनला बोलाव" म्हणालो होतो. तानपुऱ्याखालची घूं मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येत होती, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून ती रोज त्या फ्रीजचं दार उघडत होती.

परसातला अर्थिंगचा खड्डा आबांनीही कित्येक वर्षं उघडला नव्हता. पाइपला जोडलेली तार गंजून तुटलेली, मीठ-कोळसा कोरडा ठणठणीत. कोरड्या मातीत अर्थिंग धरत नाही, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं असतं. नवा खड्डा, नवा पाइप, आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सगळं मिळून केबलच्या निम्म्याहून कमी पैशात झालं.

माझा राग इथे आहे. ज्या धंद्याला "तुमच्या घराचं अर्थिंग बघा" हे पहिलं वाक्य म्हणता येत नाही, कारण त्यात विकायला काही नाही, तो धंदा नुसता महाग नाही, घातक आहे. फुकटच्या गोष्टी तो सांगतच नाही. फोनवरून डॅक वाजवत असाल तर हे बघा: अँड्रॉइड बहुतेक वेळा सगळा आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झवर बदलून पाठवतो. म्हणजे ४४.१ चं गाणं डॅकपर्यंत पोचण्याआधीच बदललेलं असतं. अँड्रॉइड १४ पासून यूएसबीवर जसंच्या तसं पाठवायची सोय आली, पण फोन आणि ॲप दोघांनी ती वापरली तरच. डॅकवर आकडा दिसत असेल तर तो गाण्याशी जुळतो का बघा. बिट खरोखर बदलतात ते इथे, आणि याची केबल कुणी काढलेली नाही.

आता सेट ऑप्टिकलवर आहे. खड्डा झाल्यावर यूएसबीवरही घूं जवळजवळ गेलीच होती, पण मोटार चालू झाली की दाब पडतो आणि पाय बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्याला जाड तारेचा, बऱ्यापैकी चार्जर हवाय, तो मागवलाय. ती अठरा हजारांची केबल ड्रॉवरमध्ये आहे. विकायला काढली होती, पण जाहिरातीत "आवाजात काय फरक पडतो" या रकान्यापाशी अडलोय.