गेटपासचा धाक कुणाला?

‘तू तक्रार केलीस तर त्याचा पास जाईल, पोराबाळांच्या तोंडचा घास जाईल.’ कंत्राटी कामावरच्या बाईने लैंगिक त्रासाबद्दल तोंड उघडलं की हे वाक्य तिला ऐकवलं जातंच. मुकादम ऐकवतो, वाडीतले जाणते ऐकवतात, कधी तिच्याच घरातली माणसं ऐकवतात. त्रास देणाऱ्याची रोजीरोटी सांभाळण्याची जबाबदारी अशी त्रास सोसणारीवर येऊन पडते.

राजापूर तालुक्यातल्या नाटे परिसरातल्या मैत्रिणींनी या वाक्याचा नीट विचार करायला हवा, असं मला वाटतं. शेजारीच माडबन-मिठगवाणे भागात जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली आहे. सहा अणुभट्ट्या तिथे योजल्या आहेत. प्रकल्पाला आपला विरोध असला, तरी अशा ठिकाणी काम कसं चालतं हे माहीत असायला हवं. अणुवीज केंद्रावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. कंत्राटदार असो की त्याचा मजूर, आत जायचं तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते. बंदर, विमानतळ यांनाही थोड्याफार फरकाने हाच नियम आहे.

ही पडताळणी बघते काय? पोलिसांच्या दप्तरी गुन्हा नोंदला आहे का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का, एवढंच. बाईने २०१३ च्या कायद्याखाली तक्रार समितीकडे दाद मागितली, तर त्याची नोंद पोलिसांच्या दप्तरात जात नाही. या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रार आणि चौकशी जाहीर करायलाच बंदी आहे. ती गुप्तता बाईच्या भल्यासाठी आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण त्याचा एक परिणाम असा, की समितीत दोष सिद्ध झालेला कंत्राटदारही पुढच्या कामाला पोलिसांचा कोरा दाखला घेऊन हजर होऊ शकतो.

बाई पोलिसांत गेली तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली लैंगिक छळाचा गुन्हा नोंदवता येतो, आणि तो पडताळणीत दिसतो. तरीही नुसत्या आरोपाने माणूस कायमचा अपात्र ठरावा, असं कायदा म्हणत नाही. नोकरीतल्या पडताळणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सांगितलं, की गुन्ह्याचं स्वरूप आणि सगळी परिस्थिती तपासून निर्णय घ्यावा. प्रत्यक्षात मात्र कंत्राटी मजुराला कारण न सांगताही गेटवर अडवलं जाऊ शकतं. तो मजूर परप्रांतातला, गरीब, खालच्या मानलेल्या जातीतला असेल तर त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. हा अन्याय आहे आणि आपण तो नाकारता कामा नये.

नाकारता येणारही नाही, कारण पोलीस दप्तराचा जाच या किनाऱ्याने स्वतः भोगला आहे. एप्रिल २०११ मध्ये नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या कितीतरी गावकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी होणारं माती परीक्षण अडवायला बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा त्यांनाही पोलिसांनी ताब्यात घेतलं. आपली जमीन आणि समुद्र राखायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावापुढे नोंद होते आणि बाईच्या अंगचटीला जाणाऱ्याचं नाव स्वच्छ राहतं. मग ‘चारित्र्य’ या शब्दाला अर्थ काय उरला?

म्हणून माझं म्हणणं असं, की आरोप झाला म्हणून पास काढून घ्या अशी मागणी आपण करू नये. आपण नीट आणि वेळेत चौकशी मागावी. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात चौकशी घाईने उरकली गेली, आरोपीला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रार २००९ सालची. इतक्या वर्षांनी तक्रारदारांच्या हाती काय लागलं? गैर चौकशीचा फटका शेवटी बाईलाच बसतो.

कायद्यात आपल्या उपयोगाचं बरंच काही आहे. कंत्राटदारामार्फत आलेली बाईही ‘कर्मचारी’ ठरते. कामावर दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. त्यासाठी रत्नागिरीला खेप घालून मजुरी बुडवायची गरज नाही. तालुक्याला नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याने तक्रार घेऊन ७ दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तक्रार ३ महिन्यांच्या आत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना बाईने लेखी मागणी केली, तर समिती त्या माणसाला दुसऱ्या जागी हलवायची शिफारस करू शकते. म्हणजे त्याची मजुरीही बुडत नाही आणि बाईला रोज त्याचं तोंड बघावं लागत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

कमी आहे ती एका दुव्याची. काम देणाऱ्या प्रत्येक मोठ्या आस्थापनेने कंत्राटातच अट घालावी: समितीत दोष सिद्ध झाला तर कंत्राटदाराने ते मूळ मालकाला कळवलं पाहिजे, बाईचं नाव न फोडता, आणि पास देताना त्याचा विचार झाला पाहिजे. ज्याच्यावर ठपका आला, त्यालाही अपिलाची पूर्ण संधी मिळावी.

राजापूर तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नाटे ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि साखरी नाटेच्या जेटीवर लावलेला आहे का, हे गावातल्या गटांनी जाऊन बघावं. नसेल तर येत्या ग्रामसभेत विचारावं. आणि पुन्हा कुणी ‘त्याचा पास जाईल’ म्हणालं, तर त्याला सांगावं, पासाचा निर्णय चौकशी करणारे घेतील, तिने फक्त खरं काय घडलं ते सांगायचं आहे.