‘दिसला नाही’ आणि ‘नाही’

हरवलेल्या पोथीचा उल्लेख दुसऱ्या एखाद्या पोथीत सापडला, की ती कधीकाळी होती एवढे साहित्याचा अभ्यासक मान्य करतो. ती नष्ट झाली की कुणाच्या माळ्यावर पडून आहे, याचा निवाडा मात्र तो घाईने करीत नाही. व्हिएतनाम आणि लाओस यांच्या सीमेवरील अन्नाम पर्वतरांगेतल्या एका प्राण्याविषयी वाचताना आम्हांला या संयमाची आठवण होते.

१९९२ मध्ये व्हिएतनामच्या वू क्वांग अरण्यात सर्वेक्षणास गेलेल्या पथकाला शिकाऱ्यांच्या घरांत लांब, जवळजवळ सरळ शिंगे आढळली. ती कोणत्याही ज्ञात प्राण्याची नव्हती. पुढच्याच वर्षी त्या प्राण्याचे शास्त्रीय बारसे झाले. पण तिथल्या ताई बोलीत त्याला नाव आधीपासून होते : साओला, म्हणजे चरख्याचे खांब. ज्यांनी त्या शिंगांत चरखा पाहिला, त्यांच्या दृष्टीने हा शोध नवा नव्हता. अरण्याचे सर्वेक्षण माणसांच्या घरांतून सुरू होते, हा त्या घटनेचा पहिला धडा.

त्यानंतर साओला रानात टिपला गेला तो मोजक्या वेळा आणि केवळ स्वयंचलित कॅमेऱ्यांत. शेवटचे छायाचित्र सप्टेंबर २०१३ मधले, व्हिएतनामच्या क्वांग नाम प्रांतातले. या मौनातून दोन निष्कर्ष काढले जातात, आणि दोन्ही आम्हांला उतावळे वाटतात. साओला संपला असे म्हणावे, तर त्याच्यासाठी राखलेल्या रानावरचा पहारा उठण्याची भीती. तो कुठेतरी नक्की असणार असे म्हणावे, तर स्वस्थ बसण्याला सबब. ‘दिसला नाही’ या वाक्याला अर्थ येतो तो किती रात्री, किती जागी आणि कोणत्या साधनाने पाहिले हे सोबत सांगितले तरच. कॅमेरा आपल्यासमोरची चार पावले पाहतो. ओल्या, उभ्या दऱ्या त्याच्या पाठीशी राहतात. म्हणूनच याच पर्वतरांगेत जळवांनी शोषलेल्या रक्तातून सस्तन प्राण्यांचा माग काढण्याचा प्रयोग झाला, आणि २०१२ मध्ये त्यातून पट्टेरी सशासारख्या दुर्मिळ प्राण्याची खूण मिळाली.

संयमाचे फळ दाखवणारे उदाहरणही व्हिएतनामचेच आहे. रुपेरी पाठीच्या पिसोरीचा १९९० नंतर शास्त्राकडे पुरावा नव्हता. संशोधकांनी आधी गावकऱ्यांना आणि वनरक्षकांना विचारले, त्यांनी सांगितलेल्या रानात कॅमेरे लावले, आणि २०१९ मध्ये ती जिवंत असल्याचे जाहीर झाले.

पण पिसोरीच्या आधाराने साओलाबद्दल निर्धास्त होणे योग्य नव्हे. त्याच्यासाठी राखलेल्या अरण्यांतून २०११ नंतरच्या दशकात लाखाहून अधिक फास काढण्यात आले. दुचाकीच्या ब्रेकच्या तारेचा हा फास रानडुकरासाठी लावलेला असला, तरी पाय कुणाचा हे तो पाहत नाही. शोधमोहिमेवर खर्च करावा की फास काढण्यावर, असा वाद घातला जातो. आमचे मत स्पष्ट आहे. निवडच करायची वेळ आली, तर आधी फास काढावेत. साओला असला तर तो वाचेल. नसला तरी ससा, भेकर आणि मांजरकुळातले प्राणी वाचतील. उत्तर काहीही निघो, हे काम वाया जात नाही. शोधही थांबवू नये. मात्र रानात जाणाऱ्या प्रत्येक पथकाने नोंदवहीइतकीच तार कापण्याची पक्कड महत्त्वाची मानावी.

२०२५ मध्ये २६ साओलांच्या जनुकीय अभ्यासातून त्यांच्या दोन वेगवेगळ्या शाखा असल्याचे कळले. त्यासाठीचे अवशेष पुन्हा शिकाऱ्यांच्या घरांतूनच मिळाले होते. तेहतीस वर्षांत साओलाविषयी आपण बरेच शिकलो, ते बहुतांशी मेलेल्या साओलाकडून. जिवंत साओलाविषयीचे आपले वाक्य अजून अपुरे आहे. ते पूर्ण होईपर्यंत त्याखाली पूर्णविराम देण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे भान सर्वेक्षकाने आणि वाचकानेही राखावे.